लाल गाडीचा चौथा फोटो

४ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार शेवटी करीन. आधी बातमी ऐक, आणि कागद चुरगाळायच्या आत पूर्ण वाच. मी स्पोर्ट्स कार घेते आहे.

जुनीच. चौदा वर्षांची, दोन दारांची, दोन माणसांची, लाल, पोट जमिनीला टेकवून बसलेली. कायमची ठेवायची नाही, फक्त सहा महिने. तुझी बहीण वेडी असली तरी हिशेबी आहे. अशा गाडीची किंमत जेवढी पडायची तेवढी पहिल्या दहा वर्षांत पडून झालेली असते. थंडीत तिला कुणी विचारत नाही, तेव्हा घ्यायची. सणासुदीचे दिवस जवळ आले की सगळ्यांना हुक्की येते, तेव्हा विकायची. मधे विमा, तेल आणि टायरची एक जोडी. एवढ्यात सहा महिन्यांची चैन होते.

का, ते तू विचारणारच. बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसते आहे, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन. काटा चाळीसच्या पुढे गेला की माझा पाय आपोआप दाबला जातो. बसमध्ये दाबला जातो. परवा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही दाबला गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारला. आता सहा महिने मला कुणाच्याही वतीने घाबरायचं नाही.

इंजिन, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग मी चालवून पाहिलं. त्यात मला कुणी शिकवू नये. पत्र्यातलं मात्र मला काही कळत नाही, आणि तू चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढलेस. सोबत सहा फोटो आहेत. चौथ्यात स्पेअर चाक काढून खालचा खड्डा दाखवला आहे, कारण जुनी गाडी घेताना आधी तिथे बघावं हे तूच सांगायचास. फक्त पत्र्याबद्दल सांग.

फोन करत नाही. हातोड्याने तुझे कान गेलेत, आणि मी ओरडून बोलले की शेजारणीला आपल्या घरातलं सगळं कळतं.

तुझी,
ठिणगी

*

१२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

वय किती तुझं? चोपन्न. गुडघे दुखतात म्हणून तू जिना टाळतेस. त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि बाहेर यायला दोन माणसं लागतील. हे काय थेर सुरू केलेस?

गाडीचं ऐक. त्या मॉडेलचा गिअरबॉक्स नाजूक असतो. त्याचे भाग मिळत नाहीत, मिळाले तर गाडीच्या किमतीत मिळतात. विमा कंपनी तुझ्याकडे बघून हसेल. इंधन पिते. पाऊस आला की दिव्यांत पाणी शिरतं. सहा महिन्यांनी ती कुणी घेणार नाही आणि तुझ्या गळ्यात धोंड राहील. हिशेब करणारी म्हणे! विकणाऱ्याने तुला बघताक्षणीच ओळखलं असेल.

घेऊ नकोस. मी मोठा आहे, म्हणून सांगतो. एवढं कारण पुरे झालं पाहिजे.

दादा

*

२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी पत्र्याबद्दल विचारलं आणि तू माझ्या गुडघ्यांबद्दल लिहिलंस!

मी मोठा आहे म्हणून सांगतो! हे वाक्य मी सायकल मागितली तेव्हा ऐकलं, नोकरी धरली तेव्हा ऐकलं, नवऱ्याचं घर सोडलं तेव्हाही ऐकलं. तिन्ही वेळा मी माझंच केलं आणि तिन्ही वेळा बरोबर ठरले. त्यातल्या एकाही वेळी तू 'चुकलो' म्हणाला नाहीस. तुझ्या तोंडात तो शब्दच बसत नाही.

गिअरबॉक्स मी तपासून घेतला, ठणठणीत आहे. विमा कंपनीतला माणूस हसला नाही, उलट म्हणाला की एवढ्या वर्षांत एकही अपघात नसलेली बाई त्याने प्रथमच पाहिली.

आणि तुला वाटलं असेल मला काही समजणार नाही. अख्ख्या पत्रात पत्र्याबद्दल एक अक्षर नाही! तुला मी ओळखते. लोकांच्या लग्नाला गेलास तरी मांडवाबाहेरच्या गाड्यांची दारं ठोकून 'इथे पोचा झाकायला लांबी भरलीय' म्हणतोस. या गाडीत पोच्याएवढी खोट दिसली असती तरी तू चार पानं लिहिली असतीस. तू गप्प बसलास म्हणजे पत्रा निर्दोष आहे. खोट न सापडल्याची चीड तू माझ्या वयावर काढलीस.

त्यामुळे तुझे आभार. काल पैसे देऊन गाडी घरी आणली.

ठिणगी

*

२ मार्च

ठिणगे,

गाडी परत देऊन टाक. थोडा तोटा झाला तरी दे.

नसशील देणार तर ऐंशीच्या वर नेऊ नकोस आणि कुणाला शेजारी बसवू नकोस. कारण विचारू नकोस. हे एकदा तरी ऐक.

दादा

*

१८ मे

दादा,

तुला मुद्दाम अडीच महिने उत्तर दिलं नाही. कारण विचारू नकोस म्हणे! मी काय तुझ्या गॅरेजमधला नोकर आहे?

आता ऐक. रविवारी पहाटे मी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला जाते. पहिल्या रविवारी साठला माझा उजवा पाय हवेत ब्रेक शोधत होता. दुसऱ्या रविवारी नव्वदला शोधला. तिसऱ्या रविवारी काटा एकशे तीसवर होता आणि दोन्ही पाय आपापल्या जागी होते. मी गाडीत मोठ्याने रडले, दादा. सुखाने रडले. मग कडेला थांबवून थर्मासमधली कॉफी प्यायले आणि सावकाश घरी आले.

हे तुला लिहायचं नव्हतं, कारण तू यावरही पाणी ओतशील. पण सांगायला मला दुसरं आहे कोण? तेवढंच एक वाईट वाटतं.

एकच कुरबूर आहे. गाडी उन्हात उभी राहिली की डावं दार किंचित उचलून लावावं लागतं. वयाप्रमाणे होत असेल. माझंही होतं.

ऐंशीच्या वर नेऊ नकोस म्हणणाऱ्या माणसा, कधीतरी ये आणि शेजारी बस.

ठिणगी

*

९ ऑगस्ट

दादा,

सहा महिने होत आले आणि काल गाडी विकली. घेतली जवळजवळ त्याच किमतीला. टायर आणि विमा सोडला तर मला ही चैन एका बऱ्यापैकी सहलीच्या खर्चात पडली. गळ्यात धोंड राहणार होती ना? बघ माझा गळा, मोकळा आहे.

घेणारी माझीच जुनी विद्यार्थिनी आहे. आता मोठी भूलतज्ज्ञ झाली आहे, लोकांना झोपवते. सात वर्षांपूर्वी तिला मी चढावर गाडी थांबवायला शिकवलं, तेव्हा ती भीतीने थरथरायची. तिने गाडी नीट पाहिलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही चालवलेली गाडी म्हणजे मला बघायलाच नको." तिचा आणि तिच्या नवऱ्याचा महिनाअखेरीस लांबच्या प्रवासाचा बेत आहे.

मी जिंकले, तू हरलास. आता तरी एक ओळ लिही. तुझं शेवटचं पत्र मार्चमधलं आहे. एवढा काय अबोला?

ठिणगी

*

१४ ऑगस्ट

ठिणगे,

त्या बाईंना गाडी चालवू देऊ नकोस. हे वाक्य वाचून आधी त्यांना कळव, मग पुढचं वाच.

तू पाठवलेल्या चौथ्या फोटोत, चाकाच्या खड्ड्यात, कडेच्या सांध्यात भरलेल्या मसाल्यावर अंगठ्याचा ठसा आहे. मधून तिरपी रेघ गेलेली. तो माझा अंगठा आहे. मी तरुण असताना पत्र्याने कापला होता, तो तू बांधला होतास. गाडी पूर्ण झाली की ओल्या मसाल्यात अंगठा दाबायचा, ही माझ्या उस्तादांची रीत, मी पुढे चालवली. ती गाडी मी केली आहे.

ती एक गाडी नाही. दोन आहेत. दहा वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजच्या मालकाने दोन लाल गाड्या आणल्या, एक पुढून चेपलेली, एक मागून. म्हणाला, एकीचं पुढचं आणि एकीचं मागचं घे आणि जोड. सीटच्या खाली आडवी कापून, दाराखालच्या पट्ट्या आणि छताचे खांब जोडून मी एक गाडी उभी केली. जोड अखंड शिवायला हवा होता. मालकाला घाई होती. मी वीत-वीत अंतरावर वेल्डिंगचे नुसते टाके मारले, वर लांबी भरली, घासली, रंगवली. बाकीचं नंतर करू म्हणालो. गाडी दुसऱ्याच दिवशी गेली, 'कधीही न ठोकलेली' म्हणून. सरळ चालेल तोवर चालेल. जोरात धडकली की तिथेच मोडेल.

फोटो बघून मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण आता लपवून काय करू. मला अभिमान वाटला. एवढी वर्षं झाली आणि जोड कुठे दिसत नाही. नंतर आठवलं की त्या गाडीत तू बसणार आहेस. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तुला खरं सांगायचं म्हणजे मी काय आहे ते सांगायचं. म्हणून गिअरबॉक्सबद्दल लिहिलं. पत्र्याबद्दल खोटं लिहवेना, खरंही लिहवेना. तू माझ्या गप्प बसण्याचा असा अर्थ काढशील हे ध्यानात आलं नाही.

नंतर मी दिवस मोजत बसलो. सहा महिने निभावले की ती कुणा परक्याकडे जाईल आणि मी सुटेन, असं मनाशी धरलं होतं.

दादा

*

१७ ऑगस्ट

परका?

तू ते लिहिलंस. हाताने लिहिलंस, पाकिटात घातलंस, तिकीट लावलंस. कुणा परक्याकडे जाईल आणि तू सुटशील!

मी एकशे तीसने गेले त्या गाडीत. तुला पत्रात लिहून कळवलं की मी एकशे तीसने गेले, आणि तू ते वाचून जेवलास, झोपलास, मूग गिळून बसलास. तुला शेजारी बसायला बोलावलं होतं मी. का आला नाहीस ते आता कळलं. बावीस वर्षांत मी चार हजार लोकांना गाडी शिकवली. ते सगळे रस्त्यावर परकेच असतात. त्या परक्यांसाठीच मी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसते. आणि माझा सख्खा भाऊ परक्यांना टाके मारलेली गाडी देऊन सुटतो!

हे लिहायच्या आधी भूलतज्ज्ञ बाईंना फोन केला. तर काय झालं ऐक. ती हसली. म्हणाली, "बाई, गाडीची आठवण येतेय ना? परत हवी असेल तर सरळ सांगा की." मी शपथा घातल्या, पैसे परत देते म्हणाले. म्हणून तिने त्याच दिवशी दोन मेकॅनिकना दाखवली. दोघांनी खालून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, असा निर्मळ पत्रा आजकाल बघायला मिळत नाही. झालं तुझं समाधान? एवढं चांगलं काम केलंस की खरं कुणाला पटत नाही.

ती एकतीस तारखेला नवऱ्याला घेऊन निघणार आहे. माझ्या शब्दावर थांबायला तयार नाही, कारण माझ्याच शब्दावर तिने गाडी घेतली.

तिला जोड दाखवू शकेल असा एकच माणूस आहे. रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी दहा वाजता तिच्या अंगणात यायचं. पत्ता मागे लिहिला आहे. ग्राइंडर घेऊन ये.

*

२१ ऑगस्ट

ठिणगे,

तुझा राग मला मान्य आहे. पण यायला सांगू नकोस. मी सगळं कागदावर लिहून देतो, कुठे कापायचं त्याची खूण करून देतो, कुणीही मेकॅनिक कापेल. मालक वारला, तेव्हा उत्तर द्यायला मी एकटाच उरलो आहे. इथे लोक मला अजून मान देतात. नवीन पोरं गाडीला हात लावण्याआधी मला विचारायला येतात. एका परक्या बाईसमोर, तिच्या नवऱ्यासमोर, मी काय तोंडाने उभा राहू? पोलिसात गेली तर?

माझं वय बघ.

दादा

*

२३ ऑगस्ट

माझं वय तू फेब्रुवारीत काढलंस. तुझं आता काढू नकोस.

कागद चालणार नाही. तुझे कागद मी सहा महिने वाचले. रविवारी दहा वाजता आला नाहीस तर ती गाडी मी स्वतः चालवत नेऊन भिंतीवर घालीन आणि मोडलेली तिला दाखवीन. मी काय बोलते आणि काय करते ते तू आयुष्यभर पाहिलं आहेस.

*

२६ ऑगस्ट

दादा,

काल तू बसने परत गेलास आणि आपण एकमेकांशी बोललो नाही, म्हणून हे लिहिते.

तू आलास. दहाला पाच कमी असताना आलास, हे मी पाहिलं. डाव्या दाराखाली ग्राइंडर लावलास आणि लाल रंगाखालून आधी पांढरी, मग करडी लांबी उडाली. तू मोठ्याने बोलत होतास, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, त्यामुळे 'हे मी केलं, मला माहीत होतं' हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. मला त्या क्षणी तुझी दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा चीड आली. तू तिला म्हणालास, इथे बोट घाला. तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

तिचा नवरा शिव्या देत होता, त्या तुला ऐकू आल्या नाहीत. सगळ्या मी ऐकल्या. मी तिला पैसे परत दिले, ते माझं मी बघीन. तू त्यातलं काही देऊ नकोस, मला नको आहे. गाडी आज कापून भंगारात गेली.

पण ती बाई हुशार निघाली. मला दहा दिवसांत सुचलं नाही ते तिने एका मिनिटात विचारलं. "अशा अजून किती?"

तू जमिनीवर बसलास आणि म्हणालास, नऊ.

मी रात्रभर त्या आकड्याशी भांडते आहे. मला वाटलं होतं, एक गाडी. माझ्याच नशिबी आलेली. नऊ! नऊ गाड्या, त्यात बसणारी माणसं, त्यांची मुलं. तू त्यांचे नंबर सांगू शकतोस, मला खात्री आहे. तुला विसरता येत नाही म्हणून तर तू असा झाला आहेस.

मी तुझी बहीण आहे की नाही ते मला आज सांगता येत नाही. त्या नऊ दारांशी जाऊन ये आणि मग लिही. त्याआधी पत्र आलं तर मी न फोडता परत पाठवीन.

*

२० नोव्हेंबर

ठिणगे,

नऊ दारं अजून झालेली नाहीत, तरी लिहितो. हे फोड.

नंबर पाठ होते. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याने पत्ते शोधून दिले. तीन गाड्या कधीच भंगारात गेल्या आहेत, कागद पाहून आलो. एका मालकाने माझी कॉलर धरली. एकाने चहा दिला, ते जास्त अवघड गेलं. दोघांनीही गाड्या काढून टाकल्या, माझ्यासमोर.

सहाव्या दाराशी काल गेलो. लहान घर आहे, पुढे दोन कुंड्या. तिशीतली एक मुलगी बाहेर आली. मी गाडीचा नंबर सांगितला आणि विचारलं, ही गाडी तुमच्याकडे आहे का. ती म्हणाली, नाही. मी विचारलं, कधी विकली. तिने मान हलवली. ओठांवरून मला कळेना, म्हणून तिने माझ्या वहीत लिहून दिलं. बाबा गेले त्यात. सहा वर्षं झाली.

मी विचारलं, कसे. ती लिहीत गेली. पुलाच्या कठड्याला गाडी घासली आणि मधोमध तुटली. बाबा हळू चालवायचे, पण एवढी तुटली म्हणजे वेग असणारच, असं पंचनाम्यात आलं. सगळे तसंच म्हणाले. आईने तेव्हापासून बाबांचा फोटो भिंतीवर लावू दिलेला नाही. आपल्या दोघींचा विचार न करता उडवत नेली, म्हणून ती अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.

ठिणगे, मी आजवर जे केलं ते तू म्हणालीस म्हणून केलं. तुझ्या भीतीने केलं. काल तू तिथे नव्हतीस. मी 'चुकीचं घर' म्हणून वळू शकलो असतो, आणि तुला लिहू शकलो असतो की सहावीही भंगारात गेली.

मी तिला म्हणालो, तुमच्या बाबांची चूक नव्हती. ती गाडी जिथे तुटली तिथे मी जोडली होती. वाईट जोडली होती. ते हळूच चालवत असतील.

तिने वही माझ्या हातात परत दिली. मग आत वळून तिने आईला हाक मारली. मला ऐकू आली नाही, पण तिच्या मानेची शीर ताठ झालेली दिसली. म्हातारी बाई आहे, काठी घेऊन चालते. तिला दारापर्यंत यायला खूप वेळ लागला. तेवढ्या वेळात मी फाटक उघडून रस्त्याला लागलो असतो.

मी उभा राहिलो.

दादा